केराचं पोतं

माधवनगरात माझं औषधांचं दुकान आहे. फेब्रुवारी संपत आला की खोकल्याची बाटली मागायला येणाऱ्या बायका वाढतात. बेदाण्याला गंधकाची धुरी देतात त्या शेडांवर त्या कामाला असतात. धूर घशात उतरलेला असतो, पदराला आणि केसांना चिकटलेला असतो. मी बाटली देते, गरम पाणी पीत जा म्हणून सांगते. त्या गेल्या तरी वास काउंटरपाशीच राहतो. या वासानं दुसऱ्या कुणाला माहेर आठवेल. मलाही आठवतं, पण त्याआधी राग येतो. असा राग की समोरचं गिऱ्हाईक काय मागतंय ते मला दोनदा विचारावं लागतं. नवरा म्हणतो, सात वर्षं झाली, आता तरी. मी विचारते, आता तरी काय? तो चहा टाकायला आत जातो.

माझ्या भावाला सैनिकांनी मारलं. आपल्याच सैनिकांनी, भर दिवसा, चुकून. आणि मग ती चूक झाकायला त्याला अतिरेकी ठरवलं. अशी गोष्ट माणसं आडवळणानं सांगतात, आधी आभाळ, झाडं, वारा आणतात. मला तेवढा दम नाही. वाऱ्याचं मी सांगणार आहेच, पण मेलेलं माणूस आधी सांगून टाकलं.

आमचं गाव कवठे महांकाळकडं. माळावर वारा लय. त्या वाऱ्यावरच बेदाणा होतो. द्राक्ष वेलावरून काढलं की चार दिवसांत नासायला लागतं. तेच पोटॅशच्या पाण्यात बुडवून शेडमधल्या जाळ्यांवर पसरलं, वर हिरवं कापड बांधलं आणि वारा खाऊ दिला, की पंधरवड्यात त्याचा बेदाणा होतो. मग तो कोल्ड स्टोरेजमध्ये वर्षभर ठेवा, काही होत नाही. मी माझ्या रागाचं तेच केलं. पहिल्या वर्षी तो ओला होता, रडण्यात आणि शिव्याशापात नासून जात होता. मग शहाणी झाले, वाळवला. आता तो कितीही वर्षं टिकेल.

दत्ता माझ्याहून सहा वर्षांनी लहान. आमच्या भागातल्या गावोगावची पोरं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं, जुनी चांदी वितळवायची, तेजाबानं शुद्ध करून द्यायची, हा तो धंदा. दत्ता आणि गावातलाच त्याचा शाळेपासूनचा दोस्त रफिक, दोघांनी मिळून पार सीमेकडच्या डोंगरातल्या एका गावात दुकान टाकलं होतं. तिथली माणसं त्यांना मराठा म्हणायची, रफिकलासुद्धा. पण हंगामाला दत्ता घरी येणार म्हणजे येणार. आला की चप्पल दारात काढून थेट शेडमध्ये शिरायचा. जाळीवरचा एक मणी उचलायचा, बोटात दाबून बघायचा, तोंडात टाकायचा आणि त्याची बायको सुनंदा हिच्याकडं बघून मान हलवायचा. त्याची बोटं तेजाबानं पिवळी पडलेली असायची. हिरव्या बेदाण्यावर ती पिवळी बोटं मला अजून दिसतात. दुकानात काउंटरवर गोळ्यांची पाकिटं मोजतानासुद्धा दिसतात.

एका हंगामाला तो येताना पोतं घेऊन आला. आम्हाला वाटलं, तिकडचा तांदूळ असेल. उघडलं तर राखाडी धूळ. सोनाराच्या दुकानात रोज झाडू मारतात, त्या केरात कानशीच्या घासण्यानं उडालेले सोन्याचे बारीक कण असतात. गलाईवाले तो केर विकत घेतात, जाळतात, चाळतात, पाण्यानं धुतात आणि शेवटी टाकणखार घालून मुशीत वितळवतात. आमचे वडील, आबा, ओट्यावर बसून हे बघत होते. म्हणाले, दत्त्या, माती इकत घेतुयास व्हय रं? दत्तानं अंगणात शेगडी पेटवली, दोन तास राबला, आणि मुशीच्या तळाशी राहिलेला ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा मणी आबांच्या तळहातावर ठेवला. "आबा, सोनं कुटं जात न्हाई. झाडत ऱ्हायलं पायजे." आबांनी तो मणी डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघितला आणि परत दिला. हे मी उगीच सांगत नाही. पुढं हेच पोतं येणार आहे.

आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. फौजेतली बरीच वर्षं ते नव्या रंगरुटांना कवायत शिकवणारे उस्ताद होते. घरी रजेवर आले की आम्हीच त्यांची पलटण. संध्याकाळी अंगणात उभं राहून पाढे म्हणायचे, हात मांडीला चिकटलेले, नजर समोर. आम्ही पुटपुटलो की ते ओट्यावरून मान न वळवता म्हणायचे, "आवाज नहीं आया." पुन्हा म्हणायचं. पुन्हा तेच. शेवटी दत्ता कुंपणाच्या भिंतीवर चढून सतरा नव्वे बोंबलायचा आणि शेजारची म्हैस दावं ताणून उठायची. मी हसत हसत खाली बसायचे. आबाही हसायचे, पण मिशीत.

त्या शेवटच्या हंगामात आभाळ येत होतं. बेदाण्याला ढग म्हणजे जीव टांगणीला. दुसरा लॉट जाळीवर होता, दत्ता दिवसातून दहा वेळा वर बघायचा. तिकडून रफिकचा फोन आला की लग्नसराईचं काम तुंबलंय, तू ये. दत्ता म्हणाला, लॉट उतरला की निघतो. मीच म्हटलं, जा की, इथं सुनंदा आहे, मी रविवारी येते, आभाळाला तू थोडाच धरून ठेवणार आहेस? मिरजेच्या स्टेशनावर त्याला पित्ताच्या गोळ्यांची दोन पाकिटं दिली. तो म्हणाला, आक्का, माणसं गावाला जाताना लाडू देतात. मी म्हटलं, लाडू खाऊनच पित्त होतं तुला. आमचं शेवटचं बोलणं हे असलं. त्यानंतर दोन दिवसांत आभाळ निवळलं, लॉट सुरेख वाळला.

पंधरा दिवसांनी, दुपारी चारच्या सुमाराला, रफिकचा फोन. दत्ता पलीकडच्या खोऱ्यातल्या सोनाराकडून केराचं पोतं घेऊन परत येत होता. भाड्याची जीप, ड्रायव्हर थॉमस. वाटेत हात केला म्हणून गाडीत घेतलेले एक म्हातारे शिक्षक, जेम्स त्यांचं नाव. वळणावर सैनिक दबा धरून बसले होते. त्यांना दुसऱ्याच कुणाची खबर होती. गाडी थांबवायची खूण नाही, हाक नाही, गोळ्या. वरच्या शेतात काम करणाऱ्या बायकांनी सगळं बघितलं. संध्याकाळी बातमी आली ती अशी: चकमकीत तीन अज्ञात अतिरेकी ठार, स्फोटक भुकटीचं पोतं जप्त. मी ती ओळ वाचली आणि मला कळेचना की ही आमच्याबद्दल आहे. मग भुकटी या शब्दापाशी आले आणि मला अंगणात उघडलेलं ते केराचं पोतं दिसलं.

दत्ताला आणायला आबा गेले. तिथं एका साहेबानं त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला, एक सुभेदार म्हणून मान दिला आणि इंग्रजी कागदांची चळत पुढं सरकवली. साहेब बोट ठेवत गेला, आबा सही करत गेले. सगळ्या पानांवर. त्यातल्या एकावर लिहिलं होतं की कुटुंबाची काही तक्रार नाही, आणि जप्त मालाची यादी मान्य आहे. स्फोटक भुकटी मान्य आहे. पोटच्या पोराविरुद्ध बापाची सही. दुसऱ्या कुठल्या गावचा शेतकरी असता तर म्हणाला असता, मला वाचता येत नाही, वाचून दाखवा. आमचे आबा सुभेदार. साहेबाचं बोट दिसलं की हात आपोआप चालतो.

दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. गावी जायचे, सुनंदाला शेडमध्ये हात लावायचे, ओट्यावर बसलेल्या आबांसमोरून पाण्याची कळशी घेऊन जायचे आणि परत यायचे. ते म्हणायचे, चूक झाली असंल, पर फौज खोटं लिवत न्हाई. ते वाक्य ऐकलं की मी कळशी आत नेऊन आदळायचे. आणि गाव तरी कुठं आमच्या बाजूनं होतं? घराघरात फौजी, त्यांच्या भिंतीवर गणवेशातले फोटो. मी वकील गाठला हे कळल्यावर माणसं समोर आली की रस्ता बदलायला लागली. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडा फडकवायचा मान दरवर्षी आबांचा असायचा. त्या वर्षी बोलावणं आलं नाही. आबांनी इस्त्रीचे कपडे घालून दहा वाजेपर्यंत वाट बघितली. मी तिथंच होते. मला त्यांची दया आली आणि त्या दयेचाही राग आला.

वकील साताऱ्याचे. स्वतः लष्करातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. हंगामाच्या दिवसांत सांगलीहून साताऱ्याला एसटीनं जायचं म्हणजे वाटभर उसाच्या ट्रॅक्टरमागं रांगायचं. खिडकीतून मळीचा वास यायचा आणि मी मांडीवरची फाईल धरून बसायचे. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं की त्या भागात खास कायदा आहे, सैनिकावर खटला भरायचा तर दिल्लीची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही असंच समजून चला. मी विचारलं, मग तुम्ही हे काम का घेताय? ते म्हणाले, मी पण तोच गणवेश घातलाय, ताई. दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, वडिलांना घेऊन या.

तिसऱ्या हंगामात आबांना घेऊन गेले. कसे आले ते मला अजून कळलेलं नाही, बहुतेक मी न बोलता तिकीट हातात दिलं म्हणून. वकिलांनी फौजेचा अहवाल, सहीचे कागद समोर धरले आणि एकेक ओळ वाचून मराठीत सांगितली. सही कशावर आहे ते ऐकताना आबा हलले नाहीत. पण पोत्याचं वर्णन आलं, राखाडी रंगाची, वजनदार, बारीक भुकटी, तेव्हा त्यांनी हात वर करून वकिलांना थांबवलं. तोच हात. ज्यावर दत्तानं मणी ठेवला होता. "खोटं लिवलंय ह्यांनी," म्हणाले. "फौजेनं खोटं लिवलंय." परत येताना कराडपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, शैला, पाणी हाय का गं? मी बाटली दिली. तेवढंच. पण त्या दिवसापासून आम्ही बोलतो.

लोक मला म्हणतात, सुडाची भावना वाईट. देवळातल्या बायका म्हणतात, दुकानात औषध घ्यायला आलेला म्हातारा मास्तर म्हणतो. मी ऐकून घेते आणि पैसे सुटे देते. खरं सांगू? मला सूडच हवा आहे. गोळ्या घालणाऱ्या तुकडीच्या साहेबाला मी फोनवर शोधून काढलं. बढती मिळालेली. फोटोत कुठल्याशा बागेत लहान मुलगी खांद्यावर घेऊन हसत उभा. त्या पोरीचं मी वाईट चिंतलं नाही, एवढी खाली मी गेले नाही. त्याचं चिंतलं. त्याच्या झोपेचं, त्याच्या जेवणाचं, त्याच्या दर सणाचं वाईट चिंतलं. आणि मागं काही घेतलेलं नाही. भरपाईचं पत्र आलं तेव्हा सुनंदानंच ते पाकिटात घालून परत पाठवलं. तिनं एवढंच विचारलं, वन्सं, ह्यात त्यांचं नाव कुटं हाय? नव्हतंच. मृत व्यक्ती, असं होतं. त्या दिवशी मला नेमकं कळलं की मला काय पाहिजे. त्या साहेबानं आमच्यासमोर उभं राहून माझ्या भावाचं नाव घ्यायचं, आणि मग तुरुंगात जायचं. ह्या क्रमानं.

तिकडच्या उच्च न्यायालयात अर्ज झाला, फेटाळला, पुन्हा झाला. शेवटी एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी नेमली गेली. जप्त केलेलं पोतं पोलिसांच्या कोठारात पडून होतं, निम्मं सांडलेलं, उंदरांनी कुरतडलेलं. प्रयोगशाळेनं स्फोटक नाही असं सांगितलं, तरी समोरचे वकील म्हणाले की मग आहे काय ते सांगा. रफिक उठून म्हणाला, दाखवतो. न्यायाधीशांनी पंचांसमोर परवानगी दिली.

हा गेल्या वर्षीचा हंगाम. मी आणि सुनंदा शेडमध्ये होतो, बायका जाळ्या झटकत होत्या, वाळलेले घड खाली पडत होते. रफिकनं व्हिडिओ कॉल लावून फोन कुठंतरी टेकवून ठेवला होता. त्याचं दुकान, तीच भट्टी, कडेला पंच. त्यानं केर जाळला, चाळला, धुतला. टाकणखार घातला. कपाळाचा घाम बाहीला पुसत राहिला, एकदाही आमच्याकडं बघितलं नाही. बायका एकेक करून काम थांबवून आमच्यामागं येऊन उभ्या राहिल्या. मूस थंड होऊ दिली, उलटी करून ठोकली, आणि त्यानं चिमट्यात धरून मणी कॅमेऱ्यासमोर आणला. ज्वारीचा दाणा. "आक्का," म्हणाला, "दत्ताचा माल हाय. त्यानंच पारखून घेतलेला." सुनंदा खाली बसली आणि पडलेले बेदाणे गोळा करत राहिली. तिनं सहा वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडून घेतलं. मी रडले नाही. मला वाटलं, साहेब, आता सापडलास.

आणि हा हंगाम. तीन आठवड्यांपूर्वी सांगलीच्या कोर्टातल्या एका खोलीत मी, आबा आणि वकील पडद्यासमोर बसलो होतो. पडद्याच्या एका चौकटीत न्यायाधीश, दुसरीत त्या तुकडीचा साहेब, कुठल्यातरी छावणीतल्या टेबलामागं. आबांनी पदकं पेटीतच ठेवली होती. त्यांना सहीबद्दल विचारलं. ते त्यांच्या फौजी हिंदीत म्हणाले की तिथल्या एका साहेबानं बोट ठेवलं, मी सही केली, वाचलं नाही, नोकरीभर असंच केलं, ही माझी चूक आहे आणि ती मी भर कोर्टात कबूल करतो. बोलताना मान ताठ होती. मला वाटलं होतं हे ऐकून मला बरं वाटेल. नाही वाटलं.

मग न्यायाधीश म्हणाले की भुकटीचा प्रश्न मिटला आहे, खटल्याच्या परवानगीची शिफारस ते दिल्लीला पाठवणार आहेत, ती मिळेल न मिळेल. पण अहवालात अज्ञात अतिरेकी असं जिथं आहे, तिथं तिघांची नावं नोंदायची आहेत. ती अधिकाऱ्यानं स्वतः वाचावीत. साहेबानं कागद उचलला आणि मान खाली घालून, भराभर, ओठांतल्या ओठांत काहीतरी वाचलं. टंकलेखक लिहायला लागला. न्यायाधीशांनी पुढचं पान उलटलं.

आबा उभे राहिले. वकिलांनी त्यांची बाही धरली, त्यांनी ती सोडवून घेतली. हात मांडीला चिकटलेले, नजर समोर.

"आवाज नहीं आया, साहब."

खोलीतला कारकून लिहायचा थांबला. न्यायाधीशांनी चष्मा काढला, आबांकडं बघितलं आणि साहेबाला म्हणाले, पुन्हा वाचा. त्यानं पुन्हा वाचलं, जरा मोठ्यानं. थॉमसचं नाव ऐकू आलं, बाकीची गिळली.

"आवाज नहीं आया."

मला भिंतीवर चढलेला दत्ता दिसला. आणि मग पडद्यावरचा तो माणूस खुर्चीतून उठला. त्याला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. कधीतरी तरुणपणी तोही असल्याच एखाद्या उस्तादासमोर मैदानात उभा राहिला असणार. तो आवाज त्याच्या अंगात कुठंतरी असणार. टाचा जुळल्या, हनुवटी वर गेली, आणि त्यानं छातीतून ओरडून तीन नावं घेतली. थॉमस. जेम्स. दत्तात्रय शिवराम सूर्यवंशी. स्पीकर खरखरला. बाहेरच्या पॅसेजमधली माणसं दारात येऊन बघायला लागली.

आबा हळूच खाली बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मीही केव्हाची उभीच आहे.

"बस गं शैला," म्हणाले. "आला आवाज."

"मला न्हाई आला, आबा," मी म्हटलं, आणि पडदा बंद होईपर्यंत त्याच्याकडं बघत उभी राहिले.